तार नव्हे, खटका

‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमची प्लास्टिकची गिटार उघडली, की उजव्या हाताच्या पट्टीमागे दोन छोटे खटके दिसतात. पट्टी खाली दाबली की एक ‘टक्’ करतो, वर उचलली की दुसरा. पट्टी मधल्या जागी परत यावी म्हणून स्प्रिंगची सोय असते, आणि बस्स. तार नाही, कंपन नाही, किती जोरात वाजवलं हे ओळखणारं काही नाही. मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि केशरी अशी पाच बटणं आणि खाली ही एक पट्टी. तिला ‘स्ट्रम बार’ म्हणतात. पडद्यावर रंगीत टिकल्या सरकत येतात. टिकली रेषेवर पोचली, की डाव्या हाताने त्या रंगाचं बटण धरलेलं असायला हवं आणि उजव्या हाताने पट्टी हलवायला हवी.

माझी या खेळाशी ओळख झाली ती भाच्यामुळे. तो लॅपटॉपवर त्याच धर्तीचा ‘क्लोन हिरो’ खेळतो, कुणाकडून तरी घेतलेल्या जुन्या गिटारवर. एका सुट्टीत तो एकाच गाण्याच्या एकाच जागी तासभर अडखळत होता. दर वेळी तो आणखी जोर लावायचा, दर वेळी तिथेच पडायचा. मला माझ्या सतारीच्या वर्गातली पहिली दोन वर्षं आठवली. मग मीही गिटार हातात घेतली आणि आज वर्षभरानंतर या पट्टीबद्दल बरंच सांगण्यासारखं साठलं आहे.

आधी थोडा इतिहास. जपानच्या कोनामी कंपनीचा ‘गिटारफ्रीक्स’ हा तीन बटणांचा खेळ १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गेम पार्लरमध्ये आला होता. घराघरांत ही कल्पना पोचवली ‘गिटार हिरो’ने. अमेरिकेतल्या हार्मोनिक्सने तो तयार केला, रेडऑक्टेनने बाजारात आणला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तो प्लेस्टेशन २ वर आला. पुढे हार्मोनिक्सने २००७ साली ‘रॉक बँड’ काढला, त्याच वर्षी ‘गिटार हिरो ३’ही आला, आणि काही वर्षं या गिटारींची अक्षरशः लाट होती. २०११ मध्ये, तोवर ‘गिटार हिरो’ची मालक झालेल्या अॅक्टिव्हिजन कंपनीने आपला ‘गिटार हिरो’ विभाग बंद केला. खेळ मात्र थांबला नाही. चाहत्यांमधून आलेला, फुकट मिळणारा ‘क्लोन हिरो’ संगणकावर जोरात चालला, आणि २०२३ च्या अखेरीस हार्मोनिक्सनेच ‘फोर्टनाइट फेस्टिव्हल’ आणला. म्हणून पंधरा-अठरा वर्षं जुन्या प्लास्टिकच्या गिटारी लोक आजही दुरुस्त करून वापरतात, त्यांच्यात कीबोर्डचे नवे खटके बसवतात.

आता मूळ मुद्दा. खरी गिटार वाजवणाऱ्याचा उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सतत वर-खाली होत राहतो. जिथे आवाज नको, तिथे हात थांबत नाही. तारांपासून जरा दूर राहून हवेतून जातो. लय हातात राहते आणि तार गप्प राहते. शिकवताना हीच युक्ती पहिल्यांदा सांगतात. प्लास्टिकच्या गिटारवर ती युक्ती उलटते, कारण बोट पट्टीवरच असतं आणि पट्टीला हवेतून चुकवता येत नाही. रिकाम्या जागेत हात हलला, की खटका वाजलाच. त्याला ‘ओव्हरस्ट्रम’ म्हणतात, आणि त्याची शिक्षा सुटलेल्या नोटेइतकीच कडक आहे. सलग १० नोट्स बरोबर आल्या की गुण दुप्पट, २० ला तिप्पट, ३० ला चौपट होतात. एक जादा आघात झाला की ती साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांना खरी गिटार येते, तेही सुरुवातीला या खेळात धडपडतात ते बरंचसं यामुळे. त्यांची लय चांगली असते, पण ती हाताच्या हालचालीत साठवलेली असते. इथे लय मनात किंवा पायात ठेवावी लागते. पायाने ठेका धरा आणि हात फक्त हवा तिथेच हलवा. मला स्वतःला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खटक्याची दुसरी गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. पट्टी मधल्या जागेपासून थोडी सरकल्यावर खटका बसतो, आणि ती बऱ्यापैकी परत आल्याशिवाय तोच खटका पुन्हा बसत नाही. समजा तुम्ही फक्त खाली-खाली असं वाजवलंत. प्रत्येक नोटेसाठी पट्टी एकदा खाली न्यायची आणि एकदा परत आणायची, म्हणजे दोन हालचालींत एक नोट. खाली-वर, खाली-वर असं आळीपाळीने वाजवलंत तर जाताना एक नोट, येताना दुसरी. संथ गाण्यात फरक जाणवत नाही. जलद गाण्यात तोच फरक गाणं पूर्ण होण्या-न होण्याचा असतो.

आकडा मांडून पाहू. ड्रॅगनफोर्सचं ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ हे ‘गिटार हिरो ३’मधलं शेवटचं, सगळ्यात धास्ती वाटावी असं गाणं. एक्स्पर्ट पातळीवर त्यात ३,७२२ नोट्स आहेत. त्याची लय मिनिटाला २०० ठोके. एका ठोक्यात चार नोट्स आल्या, तर दोन नोट्समधलं अंतर ७५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला तेरापेक्षा जास्त आघात. सर्वसाधारण माणसाचं मनगट किंवा बोट एका सेकंदात साधारण ५ ते ७ वेळा खाली-वर होऊ शकतं. फक्त खालचे आघात मोजले तर हा वेग हाताच्या आवाक्याबाहेरच आहे. दोन्ही बाजू वापरल्या तर तो हाताच्या मर्यादेला जेमतेम टेकतो. म्हणून वेगवान जागी आळीपाळीचा आघात हा शैलीचा प्रश्न उरत नाही; दुसरा मार्गच नसतो.

एवढ्या वेगात ताकद लावली की हात हळू होतो. मनगट खाली नेणारे स्नायू वेगळे आणि वर उचलणारे वेगळे. मूठ आवळली, की दोन्ही गट एकाच वेळी ताणले जातात आणि एकमेकांना अडवतात. भाचा दर वेळी जोर वाढवत होता आणि दर वेळी तिथेच पडत होता, ते यामुळे. खटक्याला जोर कळत नाही. तो बसण्यापुरती हालचाल पुरे, त्यापलीकडचा सगळा प्रवास वाया.

मग पट्टी धरायची कशी? नवखे खेळाडू बऱ्याचदा अंगठ्याने किंवा एका बोटाने पट्टीला टोला देतात आणि सोडून देतात. सोडलेली पट्टी स्प्रिंगच्या जोराने परत येते, कधी मधली जागा ओलांडते आणि पलीकडचा खटका वाजवून बसते. आपण एकदाच वाजवलेलं असतं, खेळ दोन मोजतो. गिटार खराब आहे असं वाटू लागतं. (जुने झिजलेले खटकेही असं करतात, हे खरं. संथ गतीत अगदी सावकाश एकेक आघात करून पाहिला तरी दोन मोजले जात असतील, तर दोष खटक्याचा.) मला सगळ्यात उपयोगी पडलेली पकड म्हणजे पट्टी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरणं, कुंकवाची चिमूट धरावी इतक्या हलक्या हाताने. बोटं पट्टीला सोडतच नाहीत. त्यामुळे टोला देण्याआधीचं रिकामं अंतर उरत नाही आणि पट्टी उसळत नाही, कारण परत येताना ती बोटांच्या ताब्यात असते.

हालचाल मनगटातून व्हावी, आणि तीही दार हलकेच ठोठावण्याइतकी नाही, त्याहून कमी. कोपरातून हात हलवणारे वेगवान खेळाडू मी पाहिले आहेत. सगळा हात ताठ करून थरथरवत ते अवघड जागा पार करतात. छोट्या तुकड्यापुरतं ते चालतंही. पण लांब गाण्यात हात भरून येतो आणि मग सोप्या जागाही सुटतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, की त्या दिवसापुरतं थांबावं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचं मूळ तिथेच असतं. गिटारच्या खांद्यावरच्या पट्ट्याची लांबी अशी ठेवा की पुढचा हात गिटारच्या अंगावर टेकेल आणि मनगट सरळ राहील. खेळण्यातली गिटार खऱ्यापेक्षा लहान असते, त्यामुळे मोठ्या माणसाचं मनगट नकळत वाकतं. हे मी कितीतरी दिवस लक्षातच घेतलं नव्हतं.

इथे मला सतारीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. सतारीत नखी आत ओढली की ‘दा’, बाहेर ढकलली की ‘रा’. एका ‘दा’च्या वेळात दोन्ही बसवले की ‘दिर’. मसीतखानी गत शिकताना ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ हे बोल आधी तोंडाने म्हणून घेतात, मग हातात उतरवतात. कुठला आघात कुठल्या दिशेचा, हे तिथे नशिबावर सोडलेलं नसतं; तो बंदिशीचाच भाग असतो. खेळ मात्र दिशेबद्दल काहीच सांगत नाही. टिकली खाली वाजवा नाहीतर वर, गुण तेवढेच. त्यामुळे बहुतेक जण दिशा ठरवतच नाहीत, आणि दर वेळी तोच तुकडा वेगळ्या दिशांनी वाजवतात. मग सराव साठत नाही.

‘गिटार हिरो २’मधलं आयर्न मेडनचं ‘द ट्रूपर’ किंवा ‘गिटार हिरो ३’मधलं हार्टचं ‘बॅराकुडा’ घ्या. दोन्हींत घोड्याच्या दौडीसारखा ठेका आहे: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. सतार शिकलेल्या माणसाच्या कानाला हा सरळ ‘दा दिर दा दिर’ ऐकू येतो. वाजवायचंही तसंच. लांब नोट खाली, मग आखूड दोन खाली-वर. लांब नोटेनंतर जी मोकळी जागा आहे तेवढ्यात पट्टी परत मधे येते, त्यामुळे लागोपाठ दोन खालचे आघात आले तरी घाई होत नाही. आणि प्रत्येक ठोका खालच्या आघातानेच सुरू होतो, म्हणून आपण ठोक्याच्या कुठे आहोत हे हाताला कायम माहीत असतं. काही जण इथेही काटेकोर आळीपाळी करतात: खाली-वर-खाली, मग वर-खाली-वर. हालचाल त्यात सगळ्यात कमी होते हे मान्य. पण दर ठोक्याला दिशा उलटते, आणि एकदा चुकलं की सावरायला धरायला काही सापडत नाही. मी माझ्यापुरता नियम असा केला आहे: जिथे जागा आहे तिथे हात वर परत न्यायचा, जिथे जागा नाही तिथे आळीपाळी, आणि ठोका शक्यतो ‘दा’वर.

तोंडाने बोल म्हणणं ही फार साधी गोष्ट आहे, पण तिने माझ्या भाच्याचा तो अडलेला तुकडा तीन दिवसांत सुटला. त्याने गिटार बाजूला ठेवून मांडीवर दोन बोटांनी ‘दा दिर’ वाजवलं, आधी विलंबित, मग दुगुन. मग पट्टीवर.

आता आघात चुकला असं वाटतं तेव्हा अनेकदा आघात बरोबर असतो आणि चूक डाव्या हाताची असते. पट्टी हलते त्या क्षणी कोणती बटणं धरलेली आहेत, एवढंच खेळ पाहतो. बटण एक क्षण उशिरा बसलं तर उजव्या हाताचा नेमका आघातही वाया. हे ओळखायला सोपं आहे. चुका रंग बदलतो त्या जागी होत असतील, तर मनगटाला दोष देऊ नका. एकाच रंगाच्या लांब ओळीत होत असतील, तर तो खरंच आघाताचा दोष. डाव्या हाताने पुढच्या आघाताबरोबर हलायचं नसतं, मागचा आघात झाल्या झाल्या पुढच्या रंगावर जाऊन थांबायचं असतं. एकेरी नोटेत सगळ्यात पुढचं, म्हणजे केशरीच्या बाजूचं धरलेलं बटणच मोजलं जातं, मागची धरलेली चालतात. त्यामुळे हिरव्यावरून लाल, लालवरून पिवळ्यावर जाताना आधीचं बटण सोडायची गरज नाही, आणि उतरताना फक्त एकेक बोट उचलायचं. एकदम दोन-तीन बटणं मागणारी जागा आली, की मात्र ही सवलत नाही. तिथे बटणं मागितली तेवढीच हवीत.

काही नोट्स तर पट्टीशिवाय वाजतात. त्यांना हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ म्हणतात. आधीची नोट बरोबर आलेली असेल तर अशी नोट नुसत्या बटणाने लागते. ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ची प्रसिद्ध सुरुवात बहुतांश अशीच आहे; तिथे उजव्या हाताने शांत बसायचं असतं. पण उजव्या हाताला शांत बसवणं अवघड असतं. डाव्या हाताने नोट लागून गेल्यावर सवयीने पट्टीही हलली, की तो आघात जादा ठरतो किंवा पुढच्या नोटेच्या आड येतो. पडद्यावर या टिकल्या जरा वेगळ्या दिसतात. गाणं वाजवायला घेण्याआधी एकदा नुसतं बघत बसावं आणि हात कुठे थांबणार हे ठरवून ठेवावं.

वेगवान ओळीत आणखी एक चूक हळूहळू साचते. ‘क्लोन हिरो’मध्ये नेमक्या क्षणाच्या आधी ७० आणि नंतर ७० मिलिसेकंदांपर्यंत आघात चालतो. हे उदार वाटतं, आणि एकट्या नोटेसाठी आहेच. पण मिनिटाला २०० ठोक्यांच्या त्या ओळीत तुमचा हात दर नोटेला फक्त २ मिलिसेकंद घाई करत असेल, तर ३६ नोट्सनंतर तुम्ही ७२ मिलिसेकंद पुढे गेलेले असता. पहिल्या पस्तीस नोट्स बरोबर आणि पुढची अचानक चूक! तिथे हात थकला असं वाटतं. खरं तर चूक पहिल्या नोटेपासून चालू होती, खेळाने फक्त उशिरा दाखवली. म्हणून लांब ओळीत मी प्रत्येक चौथा आघात पायाच्या ठोक्याला जोडून घेते. चार-चारचे गठ्ठे झाले, की घाई गठ्ठ्यातच सापडते, छत्तिसाव्या नोटेपर्यंत पोचत नाही.

हे सगळं करण्याआधी टीव्हीची जुळणी तपासायला हवी. २००५ साली बऱ्याच घरांत काचेच्या नळीचे टीव्ही होते आणि त्यांच्यात चित्र जवळपास लगेच दिसायचं. सपाट टीव्ही चित्रावर काम करतात आणि मग दाखवतात, तेवढा उशीर होतो. आवाज वेगळ्या स्पीकरमधून येत असेल तर त्याचा उशीर आणखी निराळा. २००८ च्या ‘रॉक बँड २’च्या गिटारमध्ये हा उशीर आपोआप मोजायची सोयच घातलेली होती. बाकी ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन जुळणी स्वतः करावी लागते, आणि टीव्हीवर ‘गेम मोड’ असेल तर तो लावावा. जुळणी चुकलेली असताना केलेला सराव हाताला चुकीची वेळ शिकवतो, आणि ती पुसायला दुप्पट दिवस जातात.

सरावाची वेगळी सोय ‘गिटार हिरो २’पासून आली. गाण्याचा हवा तो तुकडा निवडून संथ गतीत घोळवता येतो. ‘क्लोन हिरो’मध्ये गती टक्क्यांनी कमी-जास्त होते. वेग वाढवायची घाई नको. मी साठ टक्क्यांवर तुकडा सलग पाच वेळा निर्दोष आला की पाच टक्के चढवते, आणि पडले की दहा टक्के खाली येते. टिकल्या सरकण्याचा वेग वाढवण्याचीही सोय असते, तिला मात्र घाबरू नये. गाणं तेवढंच राहतं, टिकल्यांमधलं अंतर फक्त मोठं दिसतं, आणि दाट ओळी वाचायला सोप्या जातात.

सरावासाठी एकच गाणं निवडायला सांगितलं तर मी डिक डेलचं ‘मिसिरलू’ सांगेन. ‘गिटार हिरो २’मध्ये ते आहे. ‘पल्प फिक्शन’ पाहिलेल्यांना ते सिनेमाच्या सुरुवातीला कानावर आदळलेलं आठवेल. सूर जुना, पूर्व भूमध्य समुद्राकाठचा. डेलच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं, काका ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे, आणि त्याने १९६२ मध्ये ही धून इलेक्ट्रिक गिटारवर तुफान वेगाने, खाली-वर सलग छेडत वाजवली. खेळातही त्याचा मोठा भाग असा आहे की डाव्या हाताला फारसं काम नाही, उजवा मात्र थांबत नाही. आघातातला प्रत्येक खाचखळगा तिथे उघडा पडतो.

ते वाजवताना टीव्हीचा आवाज बंद करा आणि फोन गिटारजवळ ठेवून फक्त खटक्यांचा आवाज रेकॉर्ड करा. (‘रॉक बँड’च्या काही गिटारींची पट्टी मऊ, जवळजवळ मुकी असते, तिथे फोन अगदी चिकटवून ठेवावा लागतो.) मग डोळे मिटून ऐका. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा ‘टक्’ ठळक होता आणि वरचा दबलेला, उशिरा येणारा. टक्‌‌-क, टक्‌‌-क, लंगडत चाललेला. पडद्यावर नोट्स बरोबर येत होत्या, म्हणून मला पत्ताच नव्हता. वरचा आघात दुबळा आहे हे कळल्यावर मी आठवडाभर उलट्या बाजूने सुरुवात केली, ‘रा’ आधी आणि ‘दा’ नंतर, साठ टक्क्यांवर. परवा भाच्याने माझं नवं रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, “मावशी, यातला खालचा कुठला आणि वरचा कुठला?” मलाही सांगता आलं नाही.